मक्षिकास्थाने मक्षिका: हस्तलिखित चिठ्ठ्या उतरवताना

प्रश्न थोडक्यात असा: एका निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या कीटकांच्या हस्तलिखित चिठ्ठ्या ऑनलाइन उतरवून देण्याच्या कामात मी महिन्यापूर्वी नाव नोंदवलं. साठेक चिठ्ठ्या झाल्या. निम्म्या वेळा एखादा तरी शब्द लागतच नाही. तिथे अंदाजाने लिहावं की मोकळं सोडावं? एका भुंगेऱ्याखाली तीन चिठ्ठ्या आहेत, त्यांतली तारीख आणि उंची कशी लिहायची? आणि आता यंत्रंही हस्ताक्षर वाचतात, मग आम्ही डोळे फोडून करतो त्या कामाला अर्थ उरला आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. अंदाजाने लिहू नका. शब्द लागला नाही तर ‘वाचता आलं नाही’ अशी जी खूण तुमच्या प्रकल्पाने ठरवून दिली असेल ती टाका आणि पुढे जा. अर्धा शब्द लागला असेल तर तेवढा लिहा, उरलेल्या अर्ध्याला खूण करा. मी बारा वर्षं या कामात आहे. पहिली पाच वर्षं फक्त चिठ्ठ्या उतरवल्या, त्यानंतर दुसऱ्यांनी उतरवलेल्या तपासते आहे. मोकळ्या जागेमुळे नोंद बिघडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. आत्मविश्वासाने भरलेल्या जागेमुळे बिघडलेल्या नोंदी मात्र भरपूर पाहिल्या आहेत.

‘मक्षिकास्थाने मक्षिका’ हे आपण एरवी कुणाला नावं ठेवायला म्हणतो. मूळ कागदावर माशी चिकटलेली होती म्हणून नकलाकाराने आपल्या नकलेतही माशी मारून चिकटवली, अशी ती गोष्ट. इथे नेमकी तीच शिस्त हवी असते. गावाचं स्पेलिंग चुकलंय? चुकलेलंच लिहा. गावाचं नाव पुढे बदललंय? जुनंच लिहा. चिठ्ठी लिहिणाऱ्याने जातीचं लॅटिन नाव आज बाद झालेलं दिलंय? तेच लिहा. सुधारणा करायला वेगळे रकाने असतात, वेगळी माणसं असतात आणि त्यांना तुमच्याकडून फक्त एकच गोष्ट हवी असते: कागदावर काय होतं.

अंदाज इतका घातक का, ते कळायला या प्रकल्पांची तपासणी कशी चालते हे माहीत हवं. पद्धती दोन-तीन आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या ‘नोट्स फ्रॉम नेचर’सारख्या ठिकाणी एकच चिठ्ठी अनेक जणांना स्वतंत्रपणे दिली जाते आणि त्यांची उत्तरं जुळवून एक पाठ ठरवतात. ऑस्ट्रेलियातल्या ‘डिजिव्होल’मध्ये एक जण उतरवतो आणि दुसरा अनुभवी स्वयंसेवक ते पडताळतो. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या अशाच केंद्रात उतरवलेलं पान दुसरा स्वयंसेवक नजरेखालून घालतो. पद्धत कुठलीही असली तरी एक गोष्ट सारखीच असते. ‘वाचता आलं नाही’ ही खूण दिसली की ती चिठ्ठी बाजूला निघते आणि जाणकाराकडे जाते. अंदाजाने लिहिलेला शब्द मात्र वाचलेल्या शब्दासारखाच दिसतो. तो कुणाला अडवत नाही, आणि त्यालाही कुणी अडवत नाही.

‘तिघं स्वतंत्रपणे वाचतात, तिघांचीही चूक कशी होईल?’ असं नवीन माणसं हमखास विचारतात. होते. कारण आपण अंदाज सगळे एकाच दिशेने करतो, ओळखीच्या शब्दाकडे. माझ्या हातून निसटलेलं एक उदाहरण सांगते. हर्बेरियमच्या पानांचा एक गठ्ठा होता. दाबून वाळवलेली वनस्पती आणि उजव्या कोपऱ्यात शाईने लिहिलेली चिठ्ठी. एका पानावर ठिकाणाच्या ओळीत शेवटचा शब्द ‘हिल’ असा दिसत होता. तिघांनीही ‘हिल’ लिहिलं. पाठ जुळला, मी मान्य केला. पुढे कित्येक महिन्यांनी त्या प्रजातीचा नकाशा काढणाऱ्या अभ्यासकाचा निरोप आला की ही पाणवनस्पती आहे, ती डोंगरावर काय करते? मी पुन्हा प्रतिमा उघडली. मग त्याच संग्राहकाची त्या महिन्यातली सगळी पानं शेजारी शेजारी मांडली. त्याच्या प्रत्येक ‘एच’ला वर उंच फास होता. या शब्दाच्या पहिल्या अक्षराला फास नव्हताच, होते ते तीन बुटके उंचवटे. आणि दोनच दिवसांनंतरच्या एका पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘मिल पॉन्ड’. पाणचक्कीचं तळं. आधीच्या पानावरही ‘मिल’च होतं. ध चा मा म्हणतात तो असा, कुणाच्याही मनात पाप नसताना. त्या तिघांपैकी एकाने जरी ‘पहिलं अक्षर लागत नाही’ एवढं लिहिलं असतं, तरी मी ती पानं त्याच दिवशी मांडून बसले असते.

आता तुमचा भुंगेरा. एका टाचणीला तीन चिठ्ठ्या असणं हे अगदी नेहमीचं आहे आणि त्यांचा क्रमही बोलका असतो. वरची चिठ्ठी साधारणपणे गोळा करणाऱ्याची: ठिकाण, तारीख, उंची, त्याचं नाव. तिच्याखाली पुढे कधीतरी तो कीटक कोणत्या जातीचा हे ठरवणाऱ्याची. सर्वांत खाली बहुधा संग्रहाची किंवा संग्रहालयाची, क्रमांकासह. तुमच्या वर्णनाप्रमाणे वरच्या चिठ्ठीवर आधी ३, मग रोमन आकड्यांत सात, मग ११ आहे. दुसऱ्या चिठ्ठीवर ‘डेट.’, एक आडनाव आणि १९३४.

रोमन आकडा म्हणजे महिना. कीटकांच्या चिठ्ठ्यांत ही पद्धत मुद्दाम रुळली. दिवस आणि महिना दोन्ही साध्या आकड्यांत लिहिले की युरोपातला माणूस आधी दिवस धरतो, अमेरिकेतला आधी महिना. रोमन आकडा आला की हा घोळ मिटतो. म्हणून तुमची तारीख ३ जुलै, याबद्दल शंका नको. वर्षाबद्दल मात्र हवी. ‘११’ म्हणजे १९११ असणार असं आपलं मन लगेच सांगतं, पण कागदावर शतक नाही. ‘मूळ नोंद जशीच्या तशी’ या रकान्यात चिठ्ठीवर आहे तेवढंच, त्याच क्रमाने लिहा. ‘अर्थ लावलेली तारीख’ असा दुसरा रकाना असेल तर तिथेही प्रकल्पाच्या सूचना पाहूनच वर्ष पूर्ण करा. संग्राहकाचा हयातीचा काळ, त्याच्या इतर चिठ्ठ्यांवरची पूर्ण वर्षं, संग्रह संग्रहालयात कधी आला, या पुराव्यांवर शतक ठरतं. ते तपासनीस करतो.

१९३४ हे वर्ष गोळा करण्याच्या तारखेत चुकूनही घालू नका. ‘डेट.’ म्हणजे जात ठरवली. ज्याने ठरवली त्याने तो भुंगेरा कधी जिवंत पाहिलेलाही नसेल. नवीन स्वयंसेवकांच्या नोंदींत मला सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच आहे, आणि कारणही साधं आहे: चार आकडी वर्ष स्पष्ट दिसतं, दोन आकडी पुसट असतं, आणि डोळा स्पष्टाकडे धावतो. ‘लेग.’ असेल तर गोळा करणारा. ‘कोल.’ असेल तर थांबा, कारण ते कधी ‘गोळा करणारा’ असतं आणि कधी ‘अमक्याच्या संग्रहातून’. संग्रह विकत घेतलेला असू शकतो. जसं आहे तसं लिहा, अर्थ लावू नका.

उंची ‘१२००’ आणि वर तिरपी रेघ. ती रेघ म्हणजे फूट. तिचे मीटर करण्याचा मोह आवरा. गणित केलंत तर ३६५.७६ मीटर येतं आणि दशांशचिन्हापुढचे ते दोन आकडे वाचणाऱ्याला सांगतात की उंची सेंटिमीटरपर्यंत मोजली होती. वास्तविक त्या माणसाने डोंगराकडे बघून किंवा खिशातल्या उंचीमापकाकडे बघून शेकड्यात आकडा टाकला असणार. ‘१२०० फूट’ या लिहिण्यातच त्याचा ढोबळपणा नोंदलेला आहे. रूपांतर करताना तो पुसला जातो. खोली फॅदममध्ये असली, अंतर मैलांत असलं तरी हेच. एक फॅदम म्हणजे सहा फूट हे तुम्हाला ठाऊक असू द्या, पण लिहा फॅदमच.

तारखांबद्दल एक जोडून सांगते. रशियन साम्राज्यातल्या चिठ्ठ्या कधी समोर आल्या तर तिथे १९१८ पर्यंत जुनं पंचांग चालत होतं. एकोणिसाव्या शतकात ते आपल्या आजच्या कॅलेंडरच्या बारा दिवस मागे, विसाव्यात तेरा दिवस. काही संग्राहक दोन्ही तारखा अपूर्णांकासारख्या वर-खाली लिहीत. त्यांतली एक ‘चुकीची’ म्हणून गाळणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत. फुलं कधी फुलली, पाखरं कधी आली याचा अभ्यास करणाऱ्यासाठी बारा दिवस म्हणजे अख्खा निष्कर्ष.

एवढ्याशा कागदावर इतकं का अडतं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण साठ चिठ्ठ्यांनंतर मनात आलं असणार. गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांची हकिकत घ्या. डार्विन १८३५ मध्ये तिथे होता. त्याने पक्षी गोळा केले, पण कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा हे बहुतेक चिठ्ठ्यांवर लिहिलंच नाही. १८३७ मध्ये लंडनला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने त्या वेगवेगळ्या पण जवळच्या नात्यातल्या जाती असल्याचं सांगितलं, तेव्हा बेटांचा प्रश्न एकदम मोलाचा झाला. मग डार्विनला जहाजाचा कप्तान फिट्झरॉय आणि इतर सहप्रवासी यांनी गोळा केलेल्या पक्ष्यांवरच्या नोंदी पाहाव्या लागल्या. पक्षी हाताशी होते, गाव हाताशी नव्हतं.

खोट्या चिठ्ठीचं उदाहरण रानपिंगळ्याचं. या घुबडाचा १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं पत्ता नव्हता. संग्रहालयांत मोजके नमुने होते आणि त्यांतला एक, ब्रिटिश पक्षिसंग्राहक कर्नल माइनर्ट्झहेगनच्या संग्रहातला, ‘मांडवी, १९१४’ असं सांगत होता. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुने बारकाईने तपासले तेव्हा उघड झालं की तो पक्षी दुसऱ्याच संग्राहकाने एकोणिसाव्या शतकात मिळवलेला होता. माइनर्ट्झहेगनने तो चोरून, पुन्हा भरून, त्याला नवी चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवून अस्सल चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. जुन्या हस्ताक्षरातल्या गावाच्या नावाने एक पक्षी परत मिळवून दिला. मला हे आठवलं की आजही चिठ्ठीवरचं गावाचं नाव दोनदा वाचल्याशिवाय पुढे जाववत नाही.

वर्षाचं मोल अंड्यांच्या संग्रहांनी दाखवलं. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाणा आणि इतर शिकारी पक्ष्यांच्या जुन्या अंड्यांची टरफलं तोलली, मापली आणि १९६७ मध्ये दाखवून दिलं की चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात टरफलं एकाएकी हलकी झाली. शेतीत डीडीटी हे कीटकनाशक आलं तो हाच काळ. हे कळलं ते प्रत्येक अंडं कुठल्या वर्षीचं हे संग्राहकांनी लिहून ठेवलं होतं म्हणून. एका आकड्याची गडबड झाली असती तर ते अंडं रेषेच्या भलत्याच बाजूला गेलं असतं.

आणि टिपणवह्या. संधी मिळाली तर चिठ्ठ्यांबरोबर टिपणवह्याही घ्या, माझा जीव तिथे रमतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या म्युझियमचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल यांनी आपल्या माणसांना रोज लिहायची कडक शिस्त लावली होती. १९१४ ते १९२० या काळात त्यांनी तिथल्याच योसेमिटीच्या डोंगराळ भागात सापळे लावून लहान सस्तन प्राण्यांची पाहणी केली. किती सापळे लावले, कोणत्या उंचीवर, किती रात्री, आणि ज्या रात्री काहीच सापडलं नाही ती रात्रसुद्धा वहीत आहे. जवळपास शतकभराने दुसरी तुकडी त्याच जागी गेली. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: २८ जातींपैकी सुमारे निम्म्यांच्या वावराच्या सीमा सरासरी पाचशे मीटर वर सरकल्या होत्या. तापमानवाढीचा इतका थेट ताळा त्या ‘काहीच सापडलं नाही’ या नोंदींशिवाय जमला नसता. अशा वहीचं पान उतरवताना ‘काही नाही’ ही ओळ कंटाळून गाळणारा स्वयंसेवक काय गाळतो ते त्याला कळत नाही.

संग्रहालयाच्या रजिस्टरांविषयी एवढंच सांगते की ‘वरीलप्रमाणे’ची चिन्हं जपा. एका ओळीतलं गाव खाली चाळीस ओळींना लागू होतं आणि मध्येच पान उलटतं. पान सुरू होतानाच असं चिन्ह दिसलं तर आधीचं पान मागा. तुमच्या पानावरच्या पहिल्या शब्दापासून मोजलंत तर चाळीस नमुने एका झटक्यात दुसऱ्या गावाला जातात.

आता वाचण्याचं तंत्र. तुमची खरी अडचण तीच आहे, आणि ती फार टिकत नाही. मोडी शिकलेल्यांना विचारा. ते आधी मायना वाचतात, कारण त्यात काय असणार ते ठाऊक असतं, आणि तिथून लिहिणाऱ्याच्या हाताचं वळण पकडतात. इथेही तसंच करा. महिना, ‘फूट’, ‘जवळ’, दिशा, लॅटिन प्रजातीचं नाव हे ठरलेले शब्द असतात. त्यांतून त्या माणसाची अक्षरं वेचा. मी प्रत्येक संग्राहकासाठी एक पान ठेवते आणि त्याच्या खात्रीच्या शब्दांतून कापलेली अक्षरं त्यावर चिकटवते: हा त्याचा ‘आर’, हा त्याचा ‘एस’, हा ‘सात’ (मधे आडवी रेघ आहे की नाही ते पाहा, एक आणि सातची गल्लत तिथेच सुटते). पंधरा-वीस चिठ्ठ्यांत त्याचा हात ओळखीचा होतो. म्हणून माझा आग्रह आहे की प्रकल्पात निवड करता येत असेल तर एकच संग्राहक धरा आणि त्याच्यापाशी महिनाभर थांबा. साठ चिठ्ठ्या साठ हातांच्या असतील तर निम्म्या अडणारच, त्यात तुमचा दोष नाही. एकाच हाताच्या साठ केल्यात तर शेवटच्या वीस झरझर वाचाल, आणि मग मागे जाऊन पहिल्या वीसही दुरुस्त कराव्याशा वाटतील. कराच.

शब्द अडला की प्रतिमा मोठी करून त्याच्यावर टक लावून बसू नका. उलट लहान करा. गिचमीड अक्षर जवळून रेघा होतं आणि लांबून शब्द होतं.

यंत्रांचं म्हणाल तर मी त्यांच्या विरोधात नाही. छापील चिठ्ठ्या ती छान वाचतात, हस्ताक्षरही दर वर्षी जास्त चांगलं. काम इतकं अवाढव्य आहे की मदत हवीच: लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात सुमारे आठ कोटी नमुने आहेत, स्मिथसोनियनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात चौदा कोटींहून अधिक. पण यंत्राची चूक माणसाच्या अंदाजासारखीच असते, किंबहुना जास्त गुळगुळीत. अडलेल्या जागी ते बहुतेक वेळा अडखळत नाही, अस्तित्वात असलेलं एखादं गाव लिहून मोकळं होतं. तो ‘हिल’ त्यानेही लिहिला असता. शिवाय हस्ताक्षर वाचणारी यंत्रं शिकतात ती माणसांनी उतरवलेल्या पानांवरूनच. तुमच्या साठ चिठ्ठ्यांतला प्रामाणिकपणा आणि तुमचे अंदाज, दोन्ही ती उचलतात.

पुढे तुमच्या वाट्याला यंत्राने वाचलेला मजकूर तपासण्याचं काम येईल, बऱ्याच ठिकाणी येऊ लागलंही आहे. तेव्हा एक पथ्य पाळा: मजकूर झाकून आधी प्रतिमा वाचा, मग पडताळा. उत्तर समोर ठेवून वाचलं की डोळा तेच वाचतो. दमल्यावर तर नक्कीच. मी सलग पाऊण तासापेक्षा जास्त तपासायला बसत नाही.

तीन बारीकसारीक गोष्टी. जुन्या चिठ्ठ्यांत माणसांना, समाजांना उद्देशून आज अपमानकारक वाटणारे शब्द येतात. ते मनाला लागतात, तरी बदलू नका. प्रकल्पाच्या सूचनेप्रमाणे खूण करा, दाखवायचं कसं ते संग्रहालय ठरवेल. तसंच ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याची आद्याक्षरं असं नाव आलं तर ‘मिसेस’ गाळू नका. गाळलंत तर बाईने गोळा केलेली वनस्पती नवऱ्याच्या नावावर जाते, आणि पुढे तिची ओळख शोधणाऱ्यांच्या हाती असलेला एकुलता एक धागा तुटतो. दुर्मीळ जातींच्या नेमक्या ठिकाणाच्या प्रतिमा मात्र बाहेर कुठे टाकू नका. ते ठिकाण चोरांनाही हवं असतं.

तुमच्या भुंगेऱ्याच्या वरच्या चिठ्ठीतला शेवटचा शब्द तुम्ही जसा वर्णन केलात (सुरुवातीला उंच फास, मधे दोन ठिपके, शेवटी खाली गेलेली शेपटी) त्यावरून मलाही तो लागलेला नाही. दोन ठिपके म्हणजे दोन ‘आय’ असतील, किंवा एक ‘आय’ आणि एक शाईचा डाग. तेवढं टिपणाच्या रकान्यात लिहा, शब्दाच्या जागी खूण टाका आणि चिठ्ठी पुढे पाठवा. नमुन्याचा क्रमांक तुमच्याकडे लिहून ठेवा. त्याच संग्राहकाच्या जुलैतल्या आणखी चिठ्ठ्या रांगेत आल्या की त्यांतल्या एखादीवर तो हाच शब्द निवांतपणे, मोठ्या अक्षरात लिहिलेला असण्याची बरीच शक्यता आहे.